सोन्याचा कॅरेट म्हणजे वजन नव्हे

‘कॅरोब या शेंगांच्या झाडाच्या बिया तंतोतंत सारख्या वजनाच्या, म्हणून त्यांवरून कॅरेट आला’, हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. अर्धंच खरं आहे. ग्रीक ‘केरातिओन’ म्हणजे छोटं शिंग, कॅरोबची शेंग. ते अरबीत ‘किरात’ झालं आणि पुढे युरोपात गेलं. पण 2006 मध्ये संशोधकांनी बिया तोलल्या, तेव्हा त्यांच्या वजनात इतर झाडांच्या बियांइतकाच फरक निघाला! नजरेने सारख्या बिया निवडता येत, म्हणून त्या कामी आल्या. आपल्याकडची गुंजही बीच. 96 गुंजांचा तोळा.

हिऱ्याचा कॅरेट वजनच आहे, 200 मिलिग्रॅम. सोन्याचा मात्र शुद्धता सांगतो, आणि गल्लत इथेच होते. रोमन सॉलिडस हे सोन्याचं नाणं 24 सिलिक्वा वजनाचं, म्हणजे 24 कॅरोब बियांचं. 24 भागांची मोजणी त्याच्याशी जोडली जाते. 22 कॅरेट म्हणजे 24 पैकी 22 भाग सोनं, म्हणून हॉलमार्कवर 916, म्हणजे हजारात 916 भाग सोनं. दागिना एक ग्रॅमचा असो वा दहा तोळ्यांचा, हा आकडा बदलत नाही. खरेदीला जाताना वजनाइतकंच याकडेही बघा, कळकळीने सांगते.