एनसीएए महिला गोल्फ: खेळायचं मे महिन्यात, कागदपत्रं नववीपासून

एनसीएए ही अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या खेळांचं नियमन करणारी संस्था. तिच्या महिला गोल्फ अजिंक्यपदासाठी खेळाडूला स्वतः अर्ज करता येत नाही. १९८२ पासूनच्या या स्पर्धेत विद्यापीठांचे संघ उतरतात. डिव्हिजन एकमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या गटात, आधी सहा ठिकाणी विभागीय फेऱ्या होतात. प्रत्येक ठिकाणी बारा संघ असतात आणि पहिले पाच पुढे जातात. बाहेर राहिलेल्या संघांतल्या सर्वोत्तम खेळाडूलाही वैयक्तिक प्रवेश मिळतो. संघात पाच जणी असतात, त्यांतल्या चौघींचे सर्वांत कमी स्कोअर धरतात. त्या पाचांत कोण, हे प्रशिक्षक ठरवतात.

मुलीनं करायची नोंदणी असते एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरकडे, म्हणजे खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या केंद्राकडे. तिथे पहिली कसोटी अभ्यासाची. ठरावीक विषयांची १६ वर्षं मोजली जातात (एक विषय वर्षभर शिकला की एक वर्ष): इंग्रजीची चार, गणिताची तीन, विज्ञानाची दोन, सामाजिक शास्त्रांची दोन, उरलेली याच धर्तीच्या विषयांची. त्यांत जीपीए, म्हणजे चारच्या मोजपट्टीवरची गुणांची सरासरी, किमान २.३ हवा. पालकांनो, गणिताचा आकडा पुन्हा वाचा. सरावाला वेळ मिळावा म्हणून आपल्याकडे मुली अकरावीला गणित सोडतात, आणि नववी-दहावी धरून दोनच वर्षं भरतात. हे बारावीनंतर कळलं तर फार उशीर झालेला असतो, म्हणून शाखा निवडतानाच हिशेब करा. एसएटी या अमेरिकी प्रवेश परीक्षेची अट एनसीएएने काढली आहे, पण एखादं विद्यापीठ ती परीक्षा मागू शकतं.

नववी ते बारावी, प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका लागते, शिवाय दहावी-बारावीची बोर्डाची प्रमाणपत्रं. कागद मराठीत असेल तर मूळ प्रतीसोबत इंग्रजी प्रमाणित भाषांतर जोडायचं. नववी आणि अकरावीच्या गुणपत्रिका बहुतेक घरांत जपलेल्या नसतात. शाळा बदलली असेल तर त्या आत्ताच सही-शिक्क्यासह मागून घ्या.

दुसरी कसोटी हौशीपणाची, म्हणजे मुलगी व्यावसायिक खेळाडू नाही ना, याची. बक्षिसाची रक्कम, प्रायोजक, एजंट यांबद्दल विचारतात. मिळालेल्या प्रत्येक रकमेची आणि प्रवासखर्चाची नोंद ठेवा, आणि उत्तरं खरी द्या. शाळेनंतर वर्ष-दोन वर्षं नुसत्या स्पर्धा खेळत राहणंही पात्रतेच्या हंगामांवर, म्हणजे विद्यापीठाकडून खेळायला मिळणाऱ्या हंगामांवर, बेतू शकतं.

प्रशिक्षकांना मुलगी आधी ईमेल करू शकते, पण त्यांच्याकडून भरतीचं बोलणं दहावीच्या वर्षानंतर, १५ जूनपासून सुरू होतं. प्रवेश पक्का झाल्यावर विद्यापीठ आय-२० हे व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र पाठवतं. मग सेव्हिसचं (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं) शुल्क, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत. या सगळ्या कागदांवर नाव पासपोर्टप्रमाणेच असू द्या.