गाणं मोकळं करा, पण गाणाऱ्याचं नाव सोबत जाऊ द्या

धनगरी ओव्यांचं एखादं जबरदस्त रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर येतं, आपण ऐकतो, पुढं पाठवतो, आणि फाइलचं नाव काय असतं तर 'एयूडी', मग तारीख, मग 'डब्ल्यूए' आणि चार आकडे. गाणारा सांगोल्याचा का मंगळवेढ्याचा, ढोल कुणाचा, कैताळ म्हणजे मोठी झांज कोण वाजवतंय, काहीच कळत नाही. नुसतं ऐकायचं असेल तर चालून जातं, पण संगीतावर संशोधन करणाऱ्याला त्या फाइलचा निम्माच उपयोग, कारण आवाज कुठल्या गावचा आणि कुठल्या पिढीचा हेच माहीत नसेल तर त्यावरून सांगणार तरी काय.

आता हे संशोधन नुसतं कान देऊन ऐकण्यावर थांबलेलं नाही. सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगचे बारीक बारीक तुकडे करतं, सेकंदाच्या काही शतांशांएवढे, आणि प्रत्येक तुकड्यात आवाजाची मूळ कंपनसंख्या किती ते काढतं. मग गाणाऱ्याचा षड्ज, म्हणजे सा, कुठं आहे ते ठरवायचं आणि बाकीचे सूर त्याच्यापासून किती लांब ते सेंटमध्ये मोजायचं. एका सप्तकाचे 1200 सेंट, आणि हार्मोनियमच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत साधारण 100 सेंटचं अंतर. ओवी गाणाऱ्या म्हाताऱ्या धनगराचा गंधार पट्टीवर बसतो का दोन पट्ट्यांच्या मधेच कुठंतरी राहतो, आणि तो दर वेळी तिथंच राहतो का, हे असं आकड्यात दाखवता येतं. मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की 'गावठी गाणं, सुरात नसतंय' असं कुणी म्हणालं तर त्याला मोजमाप दाखवून उत्तर देता येतं.

पण एकानं मोजलं म्हणजे झालं असं विज्ञानात नसतं. दुसऱ्या कुणीतरी तेच रेकॉर्डिंग घेऊन परत मोजलं पाहिजे, म्हणजे ते त्याला मिळालं पाहिजे, आणि वापरायची परवानगीही स्पष्ट लिहिलेली पाहिजे. घोडं इथंच अडतं.

जीटीझॅन नावाचा एक डेटासेट, म्हणजे संशोधनासाठीचा नमुन्यांचा संच, आहे, 2002 च्या संशोधनातून आलेला, 10 प्रकारच्या संगीताच्या 30 सेकंदांच्या 1000 क्लिप. कॉम्प्युटरला संगीताचा प्रकार ओळखायला शिकवायचं म्हणून जगभरात तो वर्षानुवर्षं वापरला गेला, पण क्लिपसोबत कलाकारांची नावंच नव्हती आणि मूळ हक्कदारांची परवानगीही घेतलेली नव्हती. नंतर कुणीतरी चिकाटीनं एकेक क्लिप ओळखत गेलं तेव्हा दिसलं की काही क्लिप दोनदा आहेत, काही चुकीच्या प्रकारात टाकल्यात, आणि रेगे या प्रकारात एकट्या बॉब मार्लेचीच गाणी भरपूर. आता शिकवायलाही तोच गायक आणि परीक्षेलाही तोच गायक असेल तर कॉम्प्युटर संगीताचा प्रकार ओळखतोय का फक्त त्या माणसाचा आवाज? म्हणजे नाव लिहिणं ही नुसती सभ्यतेची गोष्ट नाही, नाव नसलं की विज्ञानच गंडतं.

याच्या उलट चांगलं कामही झालंय. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांच्या गटानं 2011 पासून कॉम्पम्युझिक नावाचा प्रकल्प चालवला, त्यात हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीतही होतं, आणि त्यातून पुढं सरागा हा डेटासेट आला. त्यात रेकॉर्डिंगसोबत कलाकार, राग, ताल, षड्ज, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा कुठं पडते अशी माहिती आहे आणि सगळं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे आपलं काम ठरावीक अटींवर इतरांना वापरू देणाऱ्या तयार परवान्यांपैकी एका, लायसन्सखाली दिलंय. त्याच्या अटी तीन: श्रेय द्या, धंद्यासाठी वापरू नका, आणि त्यातून काही नवीन बनवून वाटलं तर तेही याच अटींवर वाटा.

आता कायदा, कारण इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पारंपरिक ओवीच्या शब्दांवर आणि चालीवर सहसा कुणा एकाचा कॉपीराइट नसतो. पण रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा. आपल्या 1957 च्या कायद्याप्रमाणे तो ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेऊन रेकॉर्डिंग केलं त्याचा, म्हणजे बहुतेक वेळा संशोधकाचा नाहीतर संस्थेचा, आणि प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो. आणि गाणाऱ्याचा हक्क आणखी वेगळा, तो 50 वर्षं. कायद्यानं सादरकर्ता कुणाला म्हटलंय बघा, गायक, वादक, नर्तक तर आहेतच, पण कसरत करणारा, जादूगार, गारुडीसुद्धा आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर तर आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लागावं हा सादरकर्त्याचा नैतिक हक्क म्हणून कलम 38 बी मध्ये आला. तेव्हा 'रेकॉर्डर माझा, फाइल माझी, मी टाकतो नेटवर' असं नाही चालत. जे आपलं नाही त्याचं लायसन्स आपण देऊ शकत नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सची मुख्य लायसन्स सहा, आणि सहाही प्रकारांत श्रेय द्यावंच लागतं. सीसी झीरो हे वेगळं साधन, त्यात आपण सगळे हक्क सोडून देतो. लोकगायकाच्या आवाजाला सीसी झीरो लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आवाजाला श्रेय आणि 'धंद्यासाठी नाही' ही अट असावी, आणि त्यातून काढलेले आकडे, सुरांच्या रेषा, तालाच्या खुणा मात्र फक्त श्रेयाच्या अटीवर मोकळ्या कराव्यात. आवाज आणि डेटा यांना दोन वेगळी लायसन्स लावता येतात, हे लोक विसरतातच. 'बदल करू नका' ही अट गायकाला सुरक्षित वाटते खरी, पण मग वेग कमी केलेला किंवा दुसऱ्या आवाजात मिसळलेला नमुना कुणाला पुढं देता येत नाही, म्हणून ती विचार करूनच लावावी. आणि हे लायसन्स एकदा दिलं की परत घेता येत नाही! ज्यांनी अटी पाळून घेतलंय त्यांच्याकडे ते राहतंच. ही गोष्ट गाणाऱ्याला आधी सांगायलाच हवी, त्याच्या भाषेत. सोलापुरात तर मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही आल्या, पूर्व भागातल्या एखाद्या आजीला इंग्रजी फॉर्मवर अंगठा उठवायला लावणं याला परवानगी म्हणता येत नाही.

श्रेय कसं द्यावं हे बघायचं असेल तर जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि आज त्या पारी या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात, बऱ्याच ऐकायलाही मिळतात. ओव्यांसोबत गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. हजारो बायकांचं नाव आयुष्यात कुठं छापून आलं नसतं, ते तिथं आलं. चादरीवर सोलापूरचं नाव राहावं म्हणून आपण जीआय टॅग घेतला, तर आवाजावर आवाज देणारीचं नाव नको का?

मग सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत किंवा पंढरपूरच्या वाटेवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी काय करावं? रेकॉर्डर चालू केला की आधी बोलूनच घ्यायचं, गाव, तारीख, मुख्य गायक कोण, मागं झील कोण धरतंय, ढोल कोण, कैताळ कोण, आणि परवानगी कशासाठी दिली तेही त्यांच्याच तोंडून. म्हणजे फाइलचं नाव कितीही बदललं तरी माहिती आवाजातच राहते. शक्य असेल तर 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिटमध्ये वेव फाइल करावी, स्टिरिओचा एक तास साधारण 1 जीबी होतो, आजकाल तेवढी जागा मोबाइलमध्येही असते. माहितीची वेगळी मजकूर फाइल करून ऑडिओच्या सोबतच ठेवावी. नाव छापायला कुणी नको म्हणालं तर नको, तो त्यांचा अधिकार.

आणि घरोघरी पडलेल्या जुन्या कॅसेट डिजिटल करताना आधी आतल्या कागदाचा फोटो काढा, बऱ्याचदा गायकाचं नाव फक्त तिथंच बॉलपेननं लिहिलेलं असतं. ज्याचं नाव सापडलंच नाही तिथं 'गायक अज्ञात' आणि जेवढं माहीत आहे तेवढं गाव-साल लिहा, आणि कुणी ओळखलं तर कळवायला एक पत्ता द्या. पण गायक किंवा त्याच्या घरचे सापडून परवानगी मिळेपर्यंत ऑडिओ सगळ्यांसाठी उघडा करू नका, नुसती नोंद दिसू द्या. सर्न या युरोपातल्या विज्ञान संस्थेचं झेनोडो म्हणून एक फुकट ऑनलाइन भांडार आहे, तिथं हे जमतं, फाइल बंद आणि नोंद उघडी, वर प्रत्येक नोंदीला डीओआय म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो. उद्या नातवानं आजोबांचा आवाज ओळखला तर त्या नोंदीत नाव घालता येतं, क्रमांक तोच राहतो.