स्ट्रॉबेरी : परसबागेतील लागवड

स्ट्रॉबेरी ही गुलाब कुळातील, जमिनीलगत पसरणारी बहुवर्षायू वनस्पती. उत्तर अमेरिका आणि चिली येथील दोन जातींच्या संकरातून १८ व्या शतकात युरोपात आजची मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी निर्माण झाली. महाराष्ट्रात ती मुख्यतः महाबळेश्वर-पाचगणी भागात होते. तिथल्या फळाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पठाराखालच्या बागांत उन्हाळा आणि पावसाळा ओलांडून रोप क्वचितच टिकते, त्यामुळे परसबागेत हे हिवाळी हंगामी पीकच समजावे.

विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोझा या आपल्याकडच्या परिचित जाती. त्यांना दिवस लहान आणि रात्री गार झाल्यावर कळ्या धरतात. म्हणून रोपे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये लावतात. डिसेंबरात लावलेले रोप मुळे धरेपर्यंत थंडी सरत आलेली असते. विकतच्या फळातले बी पेरण्यात अर्थ नाही. संकरित जात बियांपासून तशीच उतरत नाही. रोपवाटिकेतून रनरपासून, म्हणजे जमिनीवर सरपटत जाऊन मुळे धरणाऱ्या फुटव्यांपासून, केलेली रोपेच आणावीत.

कुंडी २० ते २५ सेंमी रुंदीची पुरते, कारण बहुतेक मुळे वरच्या १५ सेंमी थरातच असतात. माती, कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी, सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता) ५.५ ते ६.५ हवा. वाफ्यात दोन रोपांत ३० सेंमी अंतर ठेवून गादीवाफा (उंच केलेला वाफा) करावा.

लागवडीतली निर्णायक गोष्ट म्हणजे खोली. पाने जिथून फुटतात तो जाडसर गड्डा मातीच्या पातळीला हवा. तो गाडला गेला तर कोंब कुजतो, उघडा राहिला तर मुळे सुकतात. पहिल्या पाण्यानंतर माती बसते, तेव्हा पातळी पुन्हा तपासावी. सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांतली फुले आणि पुढे येणारे रनर खुडावेत. नाहीतर फळे बारीक राहतात.

रोज किमान सहा तास ऊन लागते. पाणी सकाळी, थेट बुडाशी द्यावे. क्षारयुक्त बोअरच्या पाण्याने पानांच्या कडा करपतात; तो रोग समजून औषध फवारणे व्यर्थ. नत्र जास्त झाले तर पाने माजतात, फुले कमी येतात. फळाखाली भाताचे काड अंथरावे. ओल्या मातीला टेकलेल्या फळावर करडी बुरशी चढते आणि गोगलगायींचेही फावते. कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर पानांची खालची बाजू पाण्याने धुवावी.

बंद बाल्कनीत मधमाशी पोचत नाही. परागण अर्धवट झालेले फळ वाकडेतिकडे होते, कारण ज्या भागातले बी फळले नाही तो फुगत नाही. दुपारच्या सुमारास मऊ कुंचला फुलाच्या मधल्या भागावरून गोल फिरवला की काम होते.

फळ देठापर्यंत लाल झाल्यावरच, देठासह तोडावे. तोडल्यावर रंग थोडा चढतो, गोडी वाढत नाही. पण लाल फळ झाडावर ठेवले तर बुलबुलही टपलेला असतो, म्हणून फळे रंगू लागताच जाळी लावावी.