अंग आंबतं, पण दह्यासारखं नव्हे

राजगड उतरून रविवारी गुंजवण्यात आलो तेव्हा पाय अगदी ठणठणीत होते. सोमवारी मांड्या जरा जड वाटल्या. मंगळवारी सकाळी मात्र घरचा जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरून, आडवं पाऊल टाकत, एकेक पायरी करत खाली आले. सासूबाई वरून बघत होत्या. म्हणाल्या, "अंग आंबलंय तुझं. निर्गुडीचं तेल लाव."

आंबलंय. दही आंबतं, इडलीचं पीठ आंबतं आणि थकलेलं अंगही आंबतं. गंमत अशी की विज्ञानही बराच काळ जवळजवळ हेच म्हणत होतं. १७८० साली कार्ल शेले यांनी आंबलेल्या दुधातून एक आम्ल वेगळं केलं, तेच लॅक्टिक आम्ल. पुढे १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून दाखवलं की दमलेल्या स्नायूतही हेच आम्ल साठतं. झालं! दुखणाऱ्या पायांचा गुन्हेगार सापडला असं सगळ्यांनी धरलं. आजही जिममध्ये विचारा, 'लॅक्टिक ॲसिड जमलंय' हेच उत्तर मिळेल.

पण या उत्तराचा हिशेब जुळत नाही. व्यायाम थांबला की वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे याच आम्लाचं शरीरातलं रूप, तास-दीड तासात मूळ पातळीवर येतं, मग मंगळवारी दुखेल कशाला? १९८३ साली काही संशोधकांनी साधा प्रयोग केला. काही जणांना ट्रेडमिलच्या सपाट पट्ट्यावर पळवलं, काहींना उताराच्या. सपाटीवर पळणाऱ्यांच्या रक्तात लॅक्टेट चढलं, पण त्यांचे पाय दुखले नाहीत. उतारावर पळणाऱ्यांचं लॅक्टेट फारसं हललं नाही, आणि पुढचे दोन-तीन दिवस विव्हळत बसले तेच.

म्हणजे दोष आम्लाचा नाही, उताराचा आहे. गड चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत काम करतो. उतरताना तो ब्रेकचं काम करतो, म्हणजे शरीराचं वजन त्याला ताणत असतं आणि तो त्याच वेळी ओढ धरून ठेवतो. रस्सीखेचीत हरणाऱ्या संघाचे हात आठवा. दोर सोडायचाही नाही आणि तो हातातून सरकतोही आहे, तिथेच साली निघतात. स्नायूच्या धाग्यातला सर्वांत लहान घटक, सार्कोमिअर, मिलिमीटरच्या चारशे-पाचशेव्या भागाएवढा असतो. या ओढाताणीत त्यातले काही विस्कटतात. अशी काही मोडतोड होत असावी असं थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच लिहून ठेवलं होतं. मग डागडुजीसाठी तिथे सूज येते, पेशी धावून येतात, आसपासच्या मज्जातंतूंची टोकं हुळहुळी होतात. या कारभाराला वेळ लागतो, म्हणून दुखणं चोवीस ते बहात्तर तासांत कळसाला पोचतं आणि मग आपोआप ओसरतं.

आपोआप ओसरतं हे मलम करायला बसण्यापूर्वीच सांगितलेलं बरं. तरीही सासूबाईंनी सुचवलेल्या निर्गुडीच्या तेलाचं मलम मी केलं, कारण ते करण्यात दुसऱ्याच दोन-तीन गोष्टी कळल्या.

निर्गुडी आमच्या सोसायटीमागच्या ओढ्याकाठी माजलेली आहे. पाच बोटांच्या पंजासारखं पान, मागून पांढुरकं, चुरडलं की उग्र वास, पावसाळ्यात निळसर जांभळे तुरे. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून शेताच्या बांधावर कुंपणाला लावतात. तिच्या पानांच्या अर्काने उंदरांमधली सूज कमी झाल्याचे प्रयोग आहेत. माणसाच्या मांडीवर तेल चोळल्याने स्नायूपर्यंत किती काय पोचतं, हा वेगळा प्रश्न.

औषधी तेलाचं आयुर्वेदातलं प्रमाण आहे कल्क (वाटलेला पाला) एक भाग, तेल चार भाग, काढा सोळा भाग. मी पंचवीस ग्रॅम पानांचा वाटलेला गोळा, शंभर ग्रॅम तिळाचं तेल आणि पाल्याचाच चारशे मिलिलिटर काढा घेतला आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवला. तेलात एवढं पाणी कशाला, असं मलाही आधी वाटलं होतं. पण पाणी आहे तोवर कढईतलं तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं. पाला करपत नाही आणि त्यातलं जे काही उतरायचं ते सावकाश तेलात उतरतं. पाणी संपलं की तापमान एकदम चढायला लागतं, आणि नेमकी तिथेच नजर हवी.

पाणी संपलं हे ओळखायची जुनी परीक्षा मला फार आवडते. कढईतला कल्क चिमटीत घेऊन वळला तर त्याची वात व्हायला हवी. मग कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवायची. तडतडली तर पाणी आहे, शांत जळली तर तेल सिद्ध झालं. तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब क्षणात वाफ होऊन फुटतो, त्याचा तो आवाज. माझी वात पहिल्यांदा तडतडली, दहा मिनिटांनी पुन्हा पेटवली तेव्हा गप्प. ही कर्मकांडातली बाब नव्हे. तेलात ओल राहिली तर बुरशी आणि जंतूंना थारा मिळतो, ओल नसेल तर टिकवायला वेगळं रसायन लागत नाही. नुसती धुतलेली ओली पानं तेलाच्या बरणीत बुडवून उन्हात ठेवण्याची कृती हल्ली फिरते, तिच्यात हीच खोट आहे.

तेल गाळून घेतलं. आता गारव्याचं सामान.

मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात मी पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि भीमसेनी कापूर मागितला. ही 'फुलं' म्हणजे झाडाची फुलं नव्हेत, अर्कातून काढलेले स्फटिक. पुदिन्याचं म्हणजे मेंथॉल, ओव्याचं म्हणजे थायमॉल. मी म्हटलं, "एकाच पुडीत बांधा." दुकानदारकाका हसले. "घरी पोचेपर्यंत पिशवीत पाणी होईल, ताई. वेगवेगळं नेता की अमृतधाराच करून न्यायची आहे?"

अमृतधारा म्हणजे या तिन्हींचं मिळून होणारं पाणी. घरी येऊन मुद्दाम काचेच्या बाटलीत तिन्ही एकत्र केले. मेंथॉल वितळतं बेचाळीस अंशांच्या आसपास, थायमॉल पन्नासला, कापूर तर पावणेदोनशेला. माझं स्वयंपाकघर अठ्ठावीस अंशांवर होतं. तरी काही मिनिटांतच कडेचे खडे ओले दिसायला लागले, आणि बाटली हलवत राहिले तर सगळ्याचं स्वच्छ पाणी झालं. ना आच, ना पाणी. स्फटिकात रेणू कवायतीसारखे रांगेत बसलेले असतात, त्यामुळे घनपणा टिकतो. मेंथॉल-थायमॉलच्या रेणूंचा हात कापराच्या रेणूला धरायला आवडतो, रांगा मोडतात, आणि पुन्हा जमायला पुरेशी थंडी नसते. बर्फावर मीठ टाकलं की बर्फ वितळतो, त्याच जातीची ही गोष्ट.

जाता जाता चटणीच्या पुदिन्याबद्दल. तो तेलात उकळून गारवा येत नाही, कारण त्यात मेंथॉल नावालाच असतं, त्याचा वास मुख्यतः कार्व्होन नावाच्या द्रव्याचा. मेंथॉल येतं ते वेगळ्या, जपानी पुदिन्यातून, आणि त्याची मोठी शेती आहे उत्तर प्रदेशात, बाराबंकीच्या बाजूला.

शंभर ग्रॅम तेलाला वीस ग्रॅम मधमाशीचं मेण. ते बासष्ट ते चौसष्ट अंशांना वितळतं आणि थंड होताना बारीक पापुद्र्यांचं जाळं विणतं. तेल त्या जाळ्यात अडकून बसतं, म्हणून मलम घट्ट दिसतं पण बोट लावताच विरघळतं. दक्षिण कोकणात आणि गोव्यात हे काम भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, करू शकेल. भेगांना ते लावतातच. ताटली फ्रीजमध्ये ठेवून तिच्यावर थेंब टाकून बघायचा, मऊ वाटला तर मेण वाढवायचं. विदर्भात मे महिन्यात वीसऐवजी पंचवीस ग्रॅम लागेल.

शेवटी पाच ग्रॅम कापूर, पाच ग्रॅम मेंथॉल आणि दोन ग्रॅम थायमॉल यांचं ते पाणी. मी घाईने तेल गरम असतानाच ओतलं. भपकन वाफ आली आणि मी डोळे मिटून नळ शोधत होते. तेव्हा गॅस बंद करून, खिडकी उघडून, मिश्रण कडेने साकळू लागलं की मगच ओता. कापराची वाफ पेट घेते, हेही आरती करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मांडीला लावलं. आधी गार, मग थोडं ऊबदार. मांडीचं तापमान मात्र दोन्ही वेळा होतं तेवढंच होतं.

कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर तापमानाचे पहारेकरी असतात. टीआरपीएम-८ नावाचं प्रथिन पंचवीस अंशांच्या आसपास आणि त्याखाली 'गार' अशी वर्दी देतं. मेंथॉल त्याच्याशी जुळलं की ते उबदार कातडीवरही तीच वर्दी द्यायला लागतं. मिरचीतल्या कॅप्सेसिनने जो पहारेकरी फसतो तो टीआरपीव्ही-१, एरवी त्रेचाळीस अंशांपुढे जागा होणारा. कापूर त्यालाही डिवचतो. हा टीआरपीव्ही-१ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत १९९७ मध्ये सापडला, गारव्याचा पहारेकरी २००२ मध्ये ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांच्या गटांना स्वतंत्रपणे सापडला, आणि २०२१ चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळालं.

मेंदूकडे गारव्याची आणि चोळण्याची वर्दी एवढ्या गर्दीने गेली की दुखण्याच्या वर्दीला वाट मिळत नाही. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेली 'दरवाजा' कल्पना ढोबळमानाने अशी आहे. लागलं की आपण आधी तिथे चोळतो, ते यामुळेच. मला वाटतं मलमाचं अर्धं काम हातच करतो. आषाढी वारीत वारकऱ्यांचे पाय चोळून देणारे लोक कुठलंही तेल वापरोत, मागणी त्यांच्या हातांना असते.

एक गोष्ट मी मुद्दाम घातली नाही, ती गंधपुऱ्याचं तेल. बाजारातल्या पुष्कळ बामांचा तो ओळखीचा वास त्याचाच. त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्याच जातीचं द्रव्य, खरोखर कातडीतून आत जातं, आणि म्हणूनच ते घरी अंदाजाने घालायची वस्तू नाही. चमचाभर, पाच मिलिलिटर तेलात सुमारे सात ग्रॅम ॲस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं, लहान मुलाने प्यालं तर जिवावर बेततं. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी लावतानाही डॉक्टरांना विचारावं. कापूरही पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या बाळाला हे मलम लावायचं नाही, डबी उंचावर ठेवायची, जखमेवर लावायचं नाही आणि लावून वर गरम पिशवी तर मुळीच नाही. लघवी कोकच्या रंगाची झाली, किंवा एकच पोटरी सुजून गरम लागली, तर मलम बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

तीन आठवड्यांनी पुन्हा राजगड झाला. मंगळवारी मी कठडा न धरता जिना उतरले. एकदा विस्कटलेला स्नायू दुरुस्त होताना पुढच्या अशा ताणासाठी तयार होऊन बसतो, आणि हा परिणाम काही आठवडे टिकतो, हे मी जेवताना सविस्तर सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग शेजारच्या काकूंना फोन लावला आणि म्हणाल्या, "निर्गुडीचं केलंय सुनेने, फार गुणाचं आहे. डबी पाठवते."