४१६००१ (संख्या)

४१६००१ (चार लाख सोळा हजार एक) ही सहा अंकी विषम नैसर्गिक संख्या असून कोल्हापूर शहरातील शाहूपुरी भागाचा पिन कोड म्हणून ती परिचित आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या पद्धतीत पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे कार्यालय दाखवतात. पाकिटावरच्या चौकटींत ती केवळ खूण असते. पुढील गुणधर्म मात्र संख्येचे आहेत, शहराचे नव्हेत.

अंकांची बेरीज १२ येत असल्यामुळे संख्येला ३ ने भाग जातो हे पाहताक्षणीच कळते. भागाकार १३८६६७ येतो. त्याला ७, ११, १३, १७ आणि १९ यांपैकी कशानेही भाग जात नाही, २३ ने मात्र जातो आणि ६०२९ ही मूळ संख्या उरते. म्हणजे ४१६००१ = ३ × २३ × ६०२९. तीन भिन्न मूळ संख्यांचा गुणाकार असल्याने ती स्फेनिक संख्या होय. तिचे विभाजक आठच आहेत, आणि ती स्वतः वगळता उरलेल्यांची बेरीज १६२८७९, म्हणजे संख्येच्या निम्म्याहूनही कमी भरते. म्हणून ती न्यून संख्या ठरते.

६४५ चा वर्ग ४१६०२५ असल्याने ती पूर्ण वर्ग होण्यास २४ ने कमी पडते. चाराने भागल्यास ३ बाकी ठेवणारे ३ आणि २३ हे अवयव तिच्यात एकेकदाच येतात, त्यामुळे दोन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज म्हणून ती मांडता येत नाही. वर्गांची वजाबाकी म्हणून मात्र येते, उदाहरणार्थ ३०४९² − २९८०².

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी रूढ केलेल्या कसोट्यांवर ही संख्या फारशी टिकत नाही. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी हर्षद म्हटले. येथे बेरीज १२ आणि संख्या विषम, तेव्हा प्रश्नच मिटतो. ती स्वयंभूही (म्हणजे कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार न होणारी) नाही, कारण ४१५९६८ मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज ३३ मिळवली की ४१६००१ तयार होते. याबाबत शेजारच्या सांगलीचा ४१६४१६ हा पिन कोड, कोल्हापूरकरांना कबूल करणे जड गेले तरी, अधिक संपन्न आहे. तीन अंक दोनदा लिहिणे म्हणजे त्यांना १००१ ने, अर्थात ७ × ११ × १३ ने गुणणे. आणि ४१६ मध्ये २ पाच वेळा व १३ एकदा येत असल्याने तेथे विभाजकांची संख्या ७२ वर जाते. शिवाय त्याच्या अंकांची बेरीज २२ असून २२ × १८९२८ = ४१६४१६, म्हणून ती संख्या हर्षदही आहे.