डेव्हलपमेंट एज्युकेशन सेंटर (ब्रिटन)

डेव्हलपमेंट एज्युकेशन सेंटर, थोडक्यात डीईसी, ही ब्रिटनमधली छोटी स्थानिक केंद्रं, बहुतेक चॅरिटी म्हणून चालणारी. गरिबी, व्यापार, स्थलांतर, हवामानबदल असले जगाचे प्रश्न साध्या शाळेच्या वर्गात कसे आणायचे याचं ट्रेनिंग आणि साहित्य शिक्षकांना देणं हे त्यांचं मुख्य काम. पैशाची बोंब कायमचीच, ग्रँट आली की उत्साह आणि संपली की कुलूप, त्यामुळे कितीतरी बंदही पडली.

सगळ्यात वापरायला सोपी वस्तू निघाली बर्मिंगहॅमच्या केंद्रातून, 'डेव्हलपमेंट कंपास रोझ' (कंपास रोझ म्हणजे नकाशावरचं दिशा दाखवणारं चिन्ह). एक फोटो घ्यायचा, समजा कुठल्यातरी बाजाराचा, मोठ्या कागदाच्या मधोमध चिकटवायचा आणि चार दिशांना चार तऱ्हेचे प्रश्न लिहायचे: उत्तरेला निसर्ग, पूर्वेला पैसा आणि कामधंदा, दक्षिणेला माणसं, पश्चिमेला निर्णय कोण घेतं. खरी मेख पश्चिमेलाच आहे, कारण पोरं कपडे, पाणी, दुकानं याबद्दल आपणहून विचारतात पण जागा कोणाची, भाव कोण ठरवतं हे विचारायला त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. शिक्षकाला त्या देशाची माहिती तोंडपाठ पाहिजे असंही नाही, उत्तरं नंतर शोधता येतात, आणि परदेशाऐवजी आपल्याच गल्लीचा फोटो लावला तरी काम होतं.

रीडिंग शहरातल्या केंद्राने शिकवल्याने मुलांचं मत बदललं का ते बघायच्या पद्धती काढल्या. आफ्रिकेतल्या एखाद्या देशात गेलात तर काय दिसेल, असं आधी विचारायचं आणि शिकवून झालं की परत तेच विचारायचं. आधीच्या कागदावर नुसते सिंह आणि झोपड्या असतील तर शिक्षकाला कुठून सुरुवात करायची ते लगेच कळतं.

२०१३ ते २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारच्या पैशातून, हेच जगाचे प्रश्न शाळांत शिकवायला, 'ग्लोबल लर्निंग प्रोग्राम' चालला. इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी एकेक शाळा 'एक्स्पर्ट सेंटर' व्हायची आणि आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांना तयार करायची. मुलांनी दानधर्माच्या नजरेतून बाहेर पडून न्यायाच्या अंगाने विचार करावा हे त्याचं एक उद्दिष्ट होतं, आणि तेच सगळ्यात अवघड, कारण केक विकून पैसे पाठवून देणं शाळेला केव्हाही सोपं. बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा शेजारच्या शाळेतल्या माणसाचं शिक्षक जास्त ऐकतात, म्हणून ही रचना मला तरी बरोबर वाटते.

जग वर्गात आणायचा विषय निघाला की आपल्याकडे नाव येतं ते डिसले गुरुजींचं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ, १० लाख डॉलरमधले निम्मे बाकीच्या ९ फायनलिस्टना देऊन टाकले. पण ते एका माणसाच्या जिद्दीचं काम. एक्स्पर्ट सेंटरसारखा सांगाडा म्हणाल तर केंद्रशाळा, केंद्रप्रमुख, शिक्षण परिषद (आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची बैठक) हे सगळं इथे आधीपासूनच आहे, फक्त त्या परिषदेचा बराचसा वेळ ऑनलाइन माहिती कधीपर्यंत भरायची यातच जातो.