कुणाला पाडायचं, हे पक्कं

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, बॅटल रिव्हर–क्रोफुट मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतपत्रिकेवर एकाही उमेदवाराचं नाव नव्हतं. उमेदवार होते २१४, बहुतेक जण निवडणूक पद्धतीचा निषेध म्हणून मुद्दाम उभे केलेले. सगळ्यांची नावं छापायची तर मतपत्रिकेची चादर झाली असती. म्हणून निवडणूक यंत्रणेने नुसती एक रिकामी ओळ छापली आणि मतदारांना सांगितलं, नाव तुम्हीच लिहा. स्पेलिंग चुकलं तरी हरकत नाही, मत कुणाला आहे ते कळलं म्हणजे झालं. मात्र नुसतं पक्षाचं नाव लिहिलंत तर मत बाद.

मतदान केलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी एकच नाव लिहिलं: पिएर पॉलिएव्ह, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते. ते काही तिथले रहिवासी नव्हते. चार महिन्यांपूर्वीच्या सार्वत्रिक निवडणुकीत ओटावाजवळच्या आपल्या कार्लटन मतदारसंघात ते पडले होते, आणि त्यांच्यासाठी अल्बर्टातल्या खासदाराने नुकतीच जिंकलेली जागा सोडली होती. पक्षाचं नाव कागदावरून पुसलं तरी लोकांनी ते बरोबर ओळखलं!

बालेकिल्ला म्हणतात तो हाच. पण यावरून कॅनडाचा मतदार पक्षाला जन्मभर चिकटून राहतो असं म्हणाल, तर तिथले संशोधक मान हलवतील. पक्षनिष्ठेच्या अभ्यासात कॅनडा हा जुना वाकडा विद्यार्थी आहे.

या अभ्यासाची सुरुवात अमेरिकेतली. १९५०च्या दशकात मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं की, बहुतेक अमेरिकी लोक पक्षाकडे जवळजवळ घराण्याच्या धर्मासारखं पाहतात. आईवडिलांकडून तो मिळतो, एखाद्या निवडणुकीत मत दुसरीकडे गेलं तरी ‘मी कोण’ हे बदलत नाही, आणि पुढच्या वेळी माणूस घरी परततो. म्हणजे ओळख हे कारण आणि मत हा परिणाम. पुढे कॅनडातही १९६५पासून निवडणुकांच्या वेळी अशी सर्वेक्षणं सुरू झाली, तेव्हा वेगळंच दिसलं. ज्यांनी मत बदललं होतं, त्यांतले बरेच जण ओळखही बदलूनच सांगत होते. कॅनडात पक्षाची ओळख मताइतकीच चंचल आहे, असं राज्यशास्त्रज्ञ जॉन मीझेल यांनी १९७०च्या दशकातच म्हणून ठेवलं. आता ओळख मताबरोबरच सरकत असेल, तर तिला मताचं कारण म्हणायचं की मताची सावली? या प्रश्नावर तिथे अजून वाद आहे.

सावली किती हलकी असू शकते ते १९९३ साली दिसलं. सत्तेत असलेल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने १९८८मध्ये १६९ जागा जिंकल्या होत्या. १९९३मध्ये आल्या २. पंतप्रधान किम कॅम्पबेल स्वतःही पडल्या. अर्थात ‘दोन जागा’ म्हणजे दोनच निष्ठावंत उरले असं नव्हे; पक्षाला १६ टक्के मतं होती, पण ती देशभर विखुरलेली. केबेक प्रांतापुरत्या ब्लॉक केबेक्वा पक्षाला मतं त्याहून कमी, पण सगळी केबेकमध्ये एकवटलेली, म्हणून जागा ५४. जास्त मतं त्याची जागा, या पद्धतीत विखुरलेल्या प्रेमाला किंमत नाही. तरीसुद्धा पाच वर्षांत ४३ टक्क्यांवरून १६वर येणं म्हणजे दहांतल्या सहा मतांनी घर सोडणं!

मग या सैल निष्ठेला धरून ठेवतं कोण? माझ्या मते याचं उत्तर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मिळतं. तिथला प्रांतिक लिबरल पक्ष नावाने लिबरल होता, पण कल उजवीकडचा. देशाच्या निवडणुकीत लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून एकमेकांशी झगडणारे मतदार प्रांताच्या निवडणुकीत याच एका पक्षात गुण्यागोविंदाने नांदत. त्यांना बांधणारी गाठ एकच: डाव्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला, म्हणजे एनडीपीला, सत्ता मिळू द्यायची नाही. २०२३मध्ये पक्षाने नाव बदलून ‘बीसी युनायटेड’ केलं, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये, प्रांतातल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाबरोबर मतं फुटू नयेत म्हणून, ऐन निवडणुकीच्या तोंडावर प्रचारच गुंडाळला. एनडीपीला रोखण्यासाठी एका पक्षाने स्वतःलाच बाजूला ठेवलं, आणि एनडीपी काठावर का होईना जिंकलीच.

‘ते नकोत’ या भावनेचं मूळ शोधणारा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९७०च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीनुसार दोन गट पाडले, असं सांगितलं. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. मुलाला आपला गट तेवढा कळत होता; त्यात बाकी कोण आहे हे कळत नव्हतं. मग प्रत्येकाने इतरांना, नाव न कळता नुसता गट पाहून, थोडे पैसे वाटायचे. स्वतःला काहीच मिळणार नव्हतं. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, यात नवल नाही. नवल पुढे आहे: आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे, अशी वाटणी अनेकांनी पसंत केली. फायद्यापेक्षा फरक गोड!

पक्षांच्या बाबतीत हे मोजायला सर्वेक्षणात ‘भावनांचा तापमापक’ वापरतात. शून्य म्हणजे अजिबात नावडता पक्ष, १०० म्हणजे फार आवडता. आपल्या पक्षाचा आणि विरोधी पक्षाचा आकडा यांतलं अंतर म्हणजे दुराव्याचं माप. कॅनडात हे अंतर गेल्या काही दशकांत वाढलं आहे, अमेरिकेइतकं झपाट्याने नाही. गंमत अशी की, धोरणांबद्दलचे लोकांचे विचार तेवढे टोकाला गेलेले दिसत नाहीत. ते पक्षांप्रमाणे नीट वेगवेगळ्या खणांत लागले आहेत, एवढंच. करुआना, मॅकग्रेगर आणि स्टीफनसन या कॅनडाच्या अभ्यासकांनी तर नावडीचा स्वतंत्रच हिशेब मांडला. त्यांचं म्हणणं, नावडता पक्ष असणं ही आवडत्या पक्षाची नुसती मागची बाजू नव्हे; मतदानावर तिचा वेगळा परिणाम होतो. आपल्याकडच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हे ऐकायला मिळालं असतं म्हणा, पण आकड्यांनी सिद्ध करणं वेगळं.

एप्रिल २०२५मध्ये हा परिणाम देशभर दिसला. ट्रम्प यांचं आयातशुल्क आणि कॅनडाला अमेरिकेचं ‘५१वं राज्य’ करण्याची भाषा यांनी निवडणूक तापली होती. एनडीपीच्या अनेक मतदारांनी कॉन्झर्व्हेटिव्ह येऊ नयेत म्हणून पंतप्रधान मार्क कार्नींच्या लिबरल पक्षाला मत दिलं. एनडीपी जवळपास १८ टक्क्यांवरून ६वर घसरली, जागा उरल्या ७, आणि नेते जगमीत सिंग आपल्याच मतदारसंघात तिसरे आले. दोन मोठ्या पक्षांना प्रत्येकी ४० टक्क्यांवर मतं मिळाली. असं यापूर्वी १९३०मध्ये घडलं होतं.

ऑन्टारियोतल्या विंडसर वेस्टमध्ये २००२पासून एनडीपीचे ब्रायन मॅसी निवडून येत होते. मोटार कारखान्यांचं गाव, त्यामुळे काही कामगार थेट कॉन्झर्व्हेटिव्हकडे वळले होतेच. त्यात कॉन्झर्व्हेटिव्हना पाडायचं म्हणून इतर काही जण लिबरलकडे गेले. मॅसी तिसरे आले, लिबरल दुसरे. जागा कॉन्झर्व्हेटिव्हनी जिंकली.